सुधाकरभाऊ बँड मॅनेज करून राह्यले!

आमच्या बँडचं रेकॉर्ड झालेलं गाणं आजवर एकच आहे. किस्से मात्र इतके साचलेत, की टपरीवर दोन मित्र भेटले तरी तिसरा चहा होईपर्यंत सुटका नसते. गाण्याचं कोणी विचारतच नाही हो! "तो सुधाकरभाऊचा सांग ना," हीच फर्माईश.

तर आधी मंडळी सांगतो. वऱ्हाडातल्या मालेगावचा आमचा रॉक बँड, नाव 'ढेकूळ'. गिटार आणि गाणं विशालचं. ड्रमवर प्रणाली, ती दिवसा बँकेत असते. बेसवर मी, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आणि मॅनेजर सुधाकरभाऊ, मंडप डेकोरेशनवाले. त्यांच्याकडे स्पीकर होते, पिकअप होती, आणि त्यांना नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती. झाले मॅनेजर!

घाई होती विशालला. त्याच्या वडिलांचं, वसंतकाकांचं, बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, "मृगाच्या आधी गाणं झालं तं झालं. नाही तं गिटार माळ्यावर अन् तू गल्ल्यावर!" तेव्हा होळी नुकतीच झालेली. तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले, असं आम्हाला वाटलं. तोवर आम्ही सुधाकरभाऊंना ओळखत नव्हतो.

*

पहिला निर्णय नावाचा. "ढेकूळ म्हंजे काय नाव झालं? कोणी पाय ठेवला तं फुटून जाईन!" असं म्हणून भाऊ गेले आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड रंगवूनच आणला. 'श्री ढेकूळ म्युझिकल ग्रुप. लग्न, बारसे, वास्तू व इतर शुभकार्ये.'

प्रणाली बोर्डाकडे बघतच राहिली. "भाऊ, आमी रॉक वाजवतो!"

"मंग? 'इतर'मध्ये येते न ते!"

*

गाण्याचं नाव 'विनंती थांबा'. किन्हीराजाच्या फाट्यावर एक माणूस हात दाखवतो आणि बस काही थांबत नाही, एवढंच गाणं. विशालनं ते जीव ओतून लिहिलं होतं. भाऊ म्हणाले, "पब्लिकचं मत घ्या लागते."

भाऊंची पब्लिक म्हणजे मंडपाच्या मेखा ठोकणारे चार गडी! उन्हात स्पीकर लावला, गाणं सुरू केलं. गड्यांचे घण आपोआप ठेक्यावर पडू लागले. आम्ही खूश. विशाल तर नाचायचाच बाकी होता. चौथ्यांदा गाणं लावलं आणि चारही गडी धापा टाकत खाली बसले.

"पाह्यलं? गाणं लय फास्ट हाय. माणसं थकून राह्यली."

"भाऊ, गाणं ऐकाले केलं, मेखा ठोकाले नाही!" प्रणाली म्हणाली.

"ज्याच्यावर मेख ठोकल्या जात नाही बाई, ते पब्लिकच्या डोक्यात कसं ठोकशीन?"

चार मिनिटांचं गाणं सव्वापाच मिनिटांचं झालं. आमची बस आता अगदी सावकाश निघून जायची, पण थांबायची नाहीच.

*

मग रेकॉर्डिंगची जागा. भाऊंच्या साळ्याचं सोयाबीनचं गोदाम होतं. चारही बाजूंनी छतापर्यंत पोती. खरं सांगतो, असा घट्ट आवाज मी कुठं ऐकला नाही! भाऊंची कॉलर ताठ. "नागपूरच्या स्टुडिओत हाय का असं? नॅचरल साउंडप्रूफ!"

दोन दिवसांत ड्रम झाला, बेस झाला. तिसऱ्या दिवशी विशालचा आवाज घ्यायचा म्हणून सकाळी गेलो, तर गोदाम झाडून लख्ख! एक पोतं नाही. रात्रीतून भाव वाढला आणि साळ्यानं माल विकून टाकला.

तरी विशाल गायला. ऐकलं तर ड्रम जमिनीवर आणि गाणारा विहिरीत! विशालचं तोंड एवढंसं झालं. प्रणालीच्या घरचंही सोयाबीन त्याच भावात गेलेलं, त्यामुळे तिला धड चिडताही येईना.

"साळ्याले फोन लावा न भाऊ!" मी ओरडलो.

"लावला न. तो म्हणते, भाव पडला का भिंत पुन्हा उभी करून देतो."

*

तोवर मे संपत आला. काका रोज विशालला एवढंच विचारायचे, "कुठवर आलं?" दुकानात बियाण्याच्या थैल्या उतरू लागल्या होत्या. विशाल रात्री झोपत नव्हता. एकदा मला म्हणाला, "गल्ल्यावर बसाचं वाईट नाही बे. पण गाणं अर्धं ठेवून कसं बसू?"

आणि अशा वेळी भाऊ गाण्याचं कव्हर घेऊन आले! म्हणजे चक्क फ्लेक्सच. वर मधोमध भाऊ, गॉगल लावून, कानाला मोबाइल. खाली चौदा शुभेच्छुक. उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये विशाल आणि प्रणाली. मी नव्हतोच!

"भाऊ, मी कुठं हाव?"

"जागा नाही पुरली रे लेका. शुभेच्छुकाले काढलं तं तो रुसते. तू थोडीच रुसशीन?"

*

शेवटी मृगाच्या आदल्या दिवशी भाऊंच्या मंडपाच्या शेडमध्ये गाद्या रचून भिंती केल्या आणि ठरवलं, सगळं एकदमच वाजवायचं. पंखे बंद, दार बंद. घामानं गिटार हातातून सटकत होती. सुरुवात करणार, एवढ्यात काका दारात.

"चाल विशाल. उद्यापासून गर्दी होईन, माल लावाचा हाय."

विशालनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं!

"काका, एकच टेक," भाऊ मध्ये पडले. "गादीवर बसा. फक्त आवाज करू नका."

काका नाइलाजानं बसले. त्यांना आठ दिवसांपासून खोकला होता, ते आमच्या लक्षातच नव्हतं!

दुसऱ्या कडव्याला त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. मधल्या नुसत्या गिटारच्या तुकड्याला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, खांदे गदगद हलू लागले. विशाल डोळे मिटून गात होता, त्याला काही दिसत नव्हतं. आम्हाला सगळं दिसत होतं. प्रणालीनं शेवटचा ठोका मारला, झांजेचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. भाऊंनी अंगठा वर केला तसे काका धावत बाहेर गेले आणि पिकअपचा फाळका धरून पाच मिनिटं खोकत राहिले.

विशाल पाणी घेऊन धावला. काकांनी तांब्या बाजूला सारला.

"माहा आवाज तं नाही ना आला त्याच्यात?"

"नाही बाबा."

तेवढ्यात भाऊ बाहेर आले. "गाणं फर्स्टक्लास! पण मॅनेजर म्हणून सांगतो, सेफ्टीसाठी अजून एक टेक घ्या लागते."

प्रणालीनं हातातली काठी त्यांच्यावर उगारलीच. विशाल पांढरा पडला. काकांच्या खिशात दुकानाचा फोन वाजत होता. त्यांनी तो काढला, बघितला, बंद केला. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. मग दुपट्ट्याचं टोक पुन्हा दातांत धरलं, आमच्या आधी आत गेले आणि गादीवर जाऊन बसले.