वाढवलेली डिस्क

"जुने रिपोर्ट उडव, जागा होईल," आमच्या आयटी विभागाचे साहेब फोनवर म्हणत होते. पेशंटचे रिपोर्ट मी उडवणार नव्हतो.

काल संध्याकाळी आमच्या लॅबचं सॉफ्टवेअर 'डिस्क भरली' म्हणत बंद पडलं. समोर भामरागडची बाई लेकीच्या सिकलसेलच्या रिपोर्टसाठी थांबलेली. "भाऊ, काऊन नाई निघून राह्यला? शेवटची एसटी जाईन ना!"

हे सॉफ्टवेअर ज्यावर चालतं त्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क दुप्पट केल्याचं साहेबांनी ग्रुपवर मिरवलं होतं. आतलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा प्रत्यक्ष वापरता येणारा भाग, मात्र तेवढंच ठेवलं होतं. त्यामुळे सॉफ्टवेअरला जुनीच जागा दिसत होती.

"पार्टिशन म्हणजे?" मी हे सांगताच साहेबांनी विचारलं. अभिनंदनं घेताना हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

मी ते वाढवलं. रिपोर्ट निघाला, पण एसटी गेली होती.

तुमच्याकडेही अशांनाच साहेब म्हणतात का?

मायलेकी लॅबच्या व्हरांड्यात झोपल्या. आज सकाळी पहिल्या एसटीनं गेल्या.