तांडेलमामांचं विमान

तांडेलमामा कोरड्या जमिनीवरही पाय फाकवून उभे राहत, जणू नवापूरचं अंगण आता लाटेवर चढणार आहे. गुडघ्यांनी समुद्र सोडायला लावला तेव्हा त्यांनी बोट विकली आणि घरामागच्या मांडवात विमान बांधायला घेतलं. जन्मात विमानात न बसलेला माणूस!

"मामा, जायचंय कुठे?" मी विचारलं.

"कुटं जायाचं नाय. नुसतं उडायचं हाय."

विमान म्हणजे भंगारातल्या गाडीची खुर्ची. तिच्याखाली सगळीकडे फिरणारा ट्रकचा सांधा, बाजूला मोटार आणि समोर जुना कॉम्प्युटर. हातातला दांडा वळवला की पडद्यावरचं विमान वळायचं आणि खुर्चीही कलायची. लोखंडकाम मामांचं, वायरिंग माझं. मी बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दर रविवारी माझ्या पाम गावाहून मोटारसायकल काढून जायचो. मामा वायरींना गांडुळं म्हणत. "तुझी गांडुळं आवर रे, वायरमन," म्हणून हाक मारत आणि पहिला बोंबील माझ्या ताटात टाकत.

पहिल्या चाचणीला मामांनी डावीकडे वळण घेतलं आणि खुर्ची उजवीकडे कलली. मला हसू आवरेना.

"मामा, उलटं झालं. विमान वळतं त्याच बाजूला कलतं."

"बोट भायेरच्या बाजूला कलते."

"ही बोट नाही!"

"तू किती उडवलीस रं?"

अर्धा तास आम्ही भांडलो. चाळीस वर्षं त्यांच्या कमरेनं जे ओळखलं होतं, ते मी खोटं पाडत होतो. शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, कर तुझ्या मनासारखं."

मी मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. पाच मिनिटांचं काम. खुर्ची फार कलू नये म्हणून दोन्ही टोकांना मोटार बंद करणारी बटणं होती. दिशा उलटली की त्या बटणांच्या वायरीही बदलाव्या लागतात. कारखान्यात हे मी इतरांना शिकवतो. त्या दिवशी जिंकल्याच्या आनंदात विसरलो.

मामांनी डावीकडे वळण घेतलं. खुर्ची बरोबर डावीकडे कलली, आणि थांबलीच नाही. सगळा सांगाडा मामांना घेऊन आडवा झाला. त्यांचा डावा हात लोखंडाखाली होता. मी प्लग ओढला, तोवर मामी धावत आल्या. मी तोंड उघडलं, पण मामाच आधी बोलले, "मीच वायरी बदलल्या. ह्याचा काय संबंध नाय."

मी उघडलेलं तोंड मिटलं. तो मीच होतो, यावर अजून विश्वास बसत नाही.

त्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. जाळं विणणं सुटलं. मामा मात्र लोकांना सांगत, "विमान पडलं, पायलट वाचला!" आणि माझ्याकडे बघून हसत. मीही हसायचो. चार वर्षं हसलो.

या थंडीत मामा गेले. तेराव्यानंतर मी मामींसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या सुकटीतला कचरा निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हाईत हाय मला. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"त्यांनी बोलू दिलं नाय. म्हनाले, त्याला आपनहून सांगू दे." मामींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "दर रविवारी तुझी गाडी वाजली का उटून बसायचे. म्हनायचे, आज सांगल बग."