बेडकाचा पहिला चहा

“फर्स्ट वन, नॉट फॉर पीपल,” असं म्हणून अंकल चहाचं पहिलं पाणी बेडकाच्या डोक्यावर ओतायचे. बेडूक मातीचा, लिंबाएवढा, चहाच्या ट्रेच्या कोपऱ्यात बसलेला. पहिल्या पाण्यात चहाची पानं नुसती धुवून निघतात, ते कुणी पीत नाही. माणसांची पाळी दुसऱ्या पाण्यापासून.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या टेबलाशी ब्रेकमध्ये सगळे आपोआप गोळा होतात. आमच्याकडे हे होते. स्कारबरोच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची अवजारं धुऊन, निर्जंतुक करून त्यांचे सेट लावायचं आमचं काम. डिपार्टमेंटमध्ये फिलिपिनो, तमिळ, जमैकन आणि मी वसईची. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. चीनमधून येऊन त्यांना जन्म लोटला होता, पण इंग्रजी त्यांनी गरजेपुरतीच घेतली होती.

पंधरा मिनिटांच्या ब्रेकमध्ये ते सगळा सोहळा उरकायचे. बांबूचा ट्रे, त्याच्या खाली सांडलेलं पाणी साठवणारा कप्पा. झाकणाचा एक बिनकानाचा कप, त्यात पानं भिजायची. कप उचलायला लाकडी चिमटा. घोटभर चहा मावेल एवढ्याशा वाट्या. आणि एक तोटीचं भांडं, ज्यात चहा आधी एकत्र करायचा आणि मग वाट्यांत ओतायचा, म्हणजे पहिल्याला पाणचट आणि शेवटच्याला कडू असा अन्याय होत नाही. सगळं ओळीत, ऑपरेशनच्या सेटसारखं. एकदा मी चिमटा उचलून उजवीकडे ठेवला, तर त्यांनी तो लगेच परत डावीकडे ठेवला. आमच्या कामात ही सवय लागतेच, मी मनावर घेतलं नाही.

तो चहा मात्र मला कधी आवडला नाही. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. मी त्याला काढासुद्धा म्हणणार नाही. तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी माझ्या दुधाच्या चहाच्या थर्मासकडे बघितलं आणि म्हणाले, “यू ड्रिंक सूप.” तरी रोज मी त्यांच्या दोन वाट्या प्यायचे आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायचे. चहा ओतणाऱ्याचे आभार ते लोक असे मानतात.

सुरुवातीला मला वाटलं होतं, बेडूक त्यांचा देव असेल. आमच्या चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडतात, यांच्यात ओतत असतील. एकदा मी त्याच्यासमोर क्रूसाची खूणसुद्धा केली. हसू नका. “नो गॉड,” ते म्हणाले. “फ्रॉग.” मग हळूहळू कळलं, तो त्यांच्या बायकोनं आणला होता, शेवटच्या आजारपणात. आणला तेव्हा खडूसारखा फिका आणि कोरडा होता. बारा वर्षं रोज चहा पिऊन त्याच्यावर ही चकाकी आली होती, वापरातल्या बिडाच्या तव्यासारखी.

मग त्यांची बायपास ठरली, तीही आमच्याच हॉस्पिटलात. जायच्या आधी त्यांनी बेडूक माझ्या हातात दिला. “थ्री मंथ्स. एव्हरी डे टी. नो ड्राय.” कुठला चहा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात हृदयाच्या ऑपरेशनचा प्रत्येक सेट मी स्वतः लावला आणि तीन-तीनदा तपासला. ते काम चोख केलं. बेडकाला मात्र रोज थर्मासमधला आलं घातलेला दुधाचा चहा पाजला. चहा म्हणजे चहा, असं मी धरून चालले होते.

आठवडा झाला आणि बेडकाला आंबूस वास यायला लागला. मी तो घरी नेला आणि जे पोटासाठी रोज करते तेच केलं. गरम पाण्यात भिजवला, साबण लावला, कडक ब्रशनं एकेक खाच घासली आणि शेवटी भिंगाखाली धरून तपासला. नवरा म्हणाला, “अगं, बेडूक आहे तो. ऑपरेशनला नाही न्यायचाय.”

सकाळी बेडूक वाळला तेव्हा तो दुकानातून आत्ताच आणल्यासारखा फिका झाला होता. बिडाचा तवा साबणानं घासू नये, हे आईनं मला लहानपणी शिकवलं होतं. ते मला तेव्हा आठवलं. भडभडून रडू आलं. एका माणसाची बारा वर्षं मी एका संध्याकाळी सिंकमध्ये सोडून दिली होती. तसाच दुसरा मिळतो का, हे चिनी मॉलमध्ये जाऊन बघूनही आले. पण वापरलेला बेडूक कोण विकतो? त्यानंतर त्याच्यावर काही ओतायचा मला धीर झाला नाही.

तीन महिन्यांनी ते आले, अर्धे होऊन. त्यांनी बेडूक तळहातावर घेतला, नाकाशी नेला.

“सोप,” ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं, दुधापासून ब्रशपर्यंत. ते ऐकत होते आणि एकीकडे ट्रे मांडत होते. चिमटा डावीकडे. किटली उकळली. पहिलं पाणी त्यांनी बेडकाच्या डोक्यावर ओतलं आणि कोरड्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

“गुड,” ते म्हणाले. “नाऊ आय हॅव टु लिव्ह ट्वेल्व्ह मोअर इयर्स.”

आणि माझ्यासमोर टेबलावर त्यांनी दोन बोटं टकटक वाजवली.

चार वर्षं त्यांनी रोज त्याच्यावर चहा ओतला. मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते कामावर आले नाहीत. त्यांची मुलगी व्हँकुव्हरहून आली, सगळं आवरून गेली. ट्रे आणि वाट्या तिनं नेल्या. बेडूक आणि चहापत्तीचा डबा मला आणून दिला. “डॅड सेड, नो मिल्क,” एवढंच ती म्हणाली आणि मग आम्ही दोघी रडलो.

आता ब्रेकमध्ये ओतायचं काम माझ्याकडे आहे. पहिलं पाणी बेडकाला, दुसरं मला. तो चहा मला अजूनही आवडत नाही. बेडकाची पाठ चांगली तपकिरी झाली आहे, पोट अजून फिकं आहे. आठ वर्षं बाकी आहेत. मला रिटायर व्हायला सहा आहेत. शेवटची दोन मी घरी करेन.