मी गेलो की बंद पडणारा कॉम्प्युटर

सुमनताईचा रोह्याहून फोन आला तेव्हा मी पेणला कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होतो. आखणी चालू असताना मी फोन घेत नाही, पण ती थांबेचना, म्हणून घेतला. "नंदू, हे गेले रे..." एवढंच ती बोलली. सकाळचा चहा घेऊन भावोजी खुर्चीत टेकले, मान बाजूला टाकली आणि संपलं. आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटलो होतो. हाताला मुंग्या येतात का, असं सहज विचारलं तर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं होतं. "कोणी सांगितलं तुला? ताईनं?" म्हणजे येत असणार, हे आज उमगतंय. दुखणं वाढलंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि त्यांनी ते आमच्यापासून लपवलं, असा माझा संशय आहे. तो आता कधी फिटायचा नाही.

संशय हा खरं तर भावोजींचा प्रांत. सगळी नोकरी त्यांनी रोह्याच्या एका कंपनीत मीटर आणि गेज तपासण्यात काढली. काटा बरोबर दाखवतोय असं कुणी म्हटलं की ते दुसरा गेज लावून बघायचे, आणि हीच सवय घरी घेऊन यायचे. भाजीवालीचा तराजू, दुधाचा दाटपणा, डॉक्टरची गोळी... काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांचे वडील पेणच्या खाडीकडच्या मिठागरात राबले. पुढे बांध फुटला आणि ते मिठागर पाण्याखाली गेलं. निवृत्त झाल्यावर भावोजींनी ठरवलं, त्या मिठागराचा नकाशा करायचा. कुठला वाफा कुणाचा, पायवाट कुठून, गोड्या पाण्याची विहीर कुठं, हे सांगणारी म्हातारी माणसं होती तोवर विचारून घ्यायचं. त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता. मी म्हटलं, तयार घ्या. "तयार डब्यात काय भरलंय ते कुणी बघितलंय?" असं म्हणून त्यांनी एकेक भाग गोळा केला आणि पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हातानं तो जोडला. त्यातला पॉवर सप्लाय मी पनवेलहून आणून दिला होता. तेवढाच माझा हात त्या कामाला लागला.

कॉम्प्युटर छान चालू झाला. आणि मग काही दिवसांनी अधूनमधून बंद पडायला लागला. कुरकुर नाही, सूचना नाही, चालता चालता पडदा काळा. एखाद्या म्हाताऱ्यानं त्याच्या घरी डोळे मिटून आठवून सांगितलेली रेघ तेवढ्यात पुसली जायची. भावोजींनी आधी विजेवर संशय घेतला, मग शेजारच्या वेल्डिंगवाल्यावर. यूपीएस बदलला. मेमरीची पट्टी काढून परत बसवली, एकेक वायर तपासली. हात सारखा आत घालावा लागे म्हणून डब्याची एक बाजू कायम उघडीच असे. आतलं तापमानही त्यांनी पडद्यावर बघितलं, ते ठीक होतं. मग नंबर माझ्या पॉवर सप्लायचा लागला. "तुझ्या माणसानं जुना माल दिलान." तोही बदलला. तरी तेच.

आणि एका रविवारी, मी समोर बसलेला असताना पडदा काळा झाला तेव्हा, ते हळूच म्हणाले, "नंदू, तू आलास की हा बंद पडतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. मनात मागचे रविवार मोजले तर त्यात तथ्य होतं. एरवी दिवस दिवस चालणारं ते यंत्र मी येऊन टेकलो, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, की मान टाकायचं. त्यांनी माझा मोबाईल ओटीवर ठेवायला लावला. मग माझी खुर्ची स्विचबोर्डापासून लांब केली. कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. "तुम्ही भावंडं सैपाकघरात कुजबुजता ते मला ऐकू येतं. मी याच्यासमोर बसायला नको, हेच ना?" कुजबुज खरी होती. त्यांच्या हृदयाचा त्रास सुरू झाला होता आणि ते तासन् तास तिथून उठत नसत, म्हणून ताई माझ्याजवळ रडायची. पण यंत्राला आम्ही बोट लावलं नव्हतं. हळूहळू मलाही वाटायला लागलं की भावोजीच पायानं कुठलंतरी बटण दाबत असतील, मला घालवायला. मी बोलता बोलता त्यांच्या पायांकडे बघायचो. ते माझ्या हातांकडे बघायचे. चहा घेऊन आलेली ताई आम्हा दोघांकडे बघायची. शेवटी ते म्हणालेच, "तू जरा दिवस येऊ नको." पेणपर्यंतच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नंतर गेलो नाही. ताईला सांगितलं, कारखान्यात काम फार हाय.

बऱ्याच दिवसांनी त्यांचाच फोन आला. "नंदू, ये. आजच ये." आवाजात असा आनंद होता की मला आधी तोच संशयास्पद वाटला. गेलो तर दारातच त्यांनी माझा दंड धरला. "काल पांडूतात्या आलेला, आणि बंद पडला! तात्याला माऊस काय ते ठाऊक नाय. तो काय करणार?" पांडूतात्या म्हणजे त्यांच्या वडिलांबरोबर मिठागरात असलेला म्हातारा. मला त्याच खुर्चीत बसवून भावोजी म्हणाले, "आता माझ्याकडे बघ." टेबलाच्या कडेला एक छोटा पंखा होता. त्याचं तोंड त्यांनी माझ्याकडे वळवलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं पडदा काळा झाला आणि त्यांनी टाळीच वाजवली.

एरवी त्या पंख्याचा वारा उघड्या डब्यात जायचा. पाहुणा घामाघूम होऊन आला की भावोजी न चुकता पंखा त्याच्याकडे फिरवायचे. तापमान तपासलं तेही पंख्याच्या वाऱ्यात. आत प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा जो ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याचा एक पाय नीट बसलाच नव्हता. त्यांनी माझ्यासमोर तो दाबला. टक् असा आवाज आला.

"पण तो बसवला कोणी होता?" ताईनं विचारलं.

"मीच," भावोजी म्हणाले. "...सगळ्यांचे हात बघितले गो, माझे तेवढे राहिले."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. जेवायला थांबवून घेतलं आणि पंखा पुन्हा माझ्याकडे केला. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाले, "आता चालतंय." त्यानंतर मी दर रविवारी जात राहिलो, ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

दिवसकार्य झाल्यावर पांडूतात्या भेटायला आले. ताईनं उठून कॉम्प्युटर लावला आणि नकाशा उघडला. रेघा बघता बघता तात्यांचं बोट एका जागी थांबलं. खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी तिथं दाखवली होती आणि शेजारी भावोजींनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

"गो सुमन, उघाडी इथं नव्हती, जरा वरती. मी तिथं बसून पाण्यात पाय सोडलेत."

ताईनं चष्मा सावरला आणि माऊसनं ती खूण सावकाश वर सरकवली. प्रश्नचिन्हही वर नेलं. मी म्हटलं, "आता ते पुसून टाक की. तात्यांनी सांगितलंय ना."

ताई तात्यांकडे वळली. "राग मानू नका तात्या... पण यांनी अजून एकाला विचारलं असतं."

तात्या हसले. "व्हय, त्यानं विचारलंच असतं. काशीनाथ हाय अजून, वाशीला पोरीकडं ऱ्हातो. त्याला विचार."

ताईनं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं, आणि तात्यांना म्हणाली, "वाशीलाच ना? नक्की?"