भिंतीचे दंड

वैनगंगेकाठच्या बालाघाटात भिंतीशी कुस्ती खेळणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. नोकरी सरकारी लाकूड डेपोत, अंगावर खाकी कोट, पण जीव सगळा आखाड्याच्या मातीत. पन्नाशी उलटली तरी सकाळी दीडशे दंड, तीनशे बैठका आणि वर लोटाभर दूध. शेजारी कोणी शिंकलं तरी खेकसायचे, "छातीतून शिंक ना बाप्पा, नाकातून काय शिंकून राह्यला!" लग्न ठरलं तेव्हा माझा दंड चाचपून त्यांनी माझ्यादेखत सासूबाईंना विचारलं होतं, "याले घरी जेवाले देत नव्हते का वो?" पुढे बदली होऊन मी त्यांच्याच गावात आलो, त्यामुळे सुटका नव्हती.

अशा माणसाच्या छातीत जळजळ सुरू झाली. जेवून वाकले की आंबट पाणी घशाशी. नागपूरला नेलं, खडूसारखं पांढरं औषध पाजून फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे. झालं! हर्निया म्हणजे जांघेत उतरतो तो, एवढंच आमच्या पहिलवानाला ठाऊक; पुढचं ऐकतो कोण? घरी येताच लंगोट करकचून आवळला, पोटावर चामड्याचा पट्टा ताणला आणि दंड दुप्पट केले. तिसऱ्या दिवशी दंड मारता मारता छाती धरून खाली बसले, ओठ पांढरे पडलेले. सासूबाईंच्या हातातलं पातेलं गळून पडलं. पुन्हा नागपूर. या खेपेला डॉक्टर माझ्यावरच उखडले, "अहो, यांचं जठर छातीखालच्या पडद्यातून वर सरकलंय. हे खालून आवळतात, ते आणखी वर चढतं! वजन उचलणं बंद, श्वास कोंडून जोर लावणं बंद, जमिनीवरचे दंड बंद. पट्टा फेकून द्या. रोज चाला. आणि जेवल्यावर दोन-तीन तास व्यायामाचं नाव नको."

सासऱ्यांनी घरी येताच पट्टा काढून माळ्यावर फेकला. मग एकेक पथ्य उस्तादाचा हुकूम असल्यासारखं पाळू लागले. खाटेचे उशाकडचे पाय विटांवर चढवले. सासूबाईंनी ताबडतोब आपली खाट वेगळी केली. वैनगंगेपर्यंत चालायला जाताना वाटेत भेटेल त्याला डॉक्टरांचा उपदेश ऐकवायचे. दंडांवाचून मात्र जीव राहीना. डॉक्टरांना कार्ड टाकून विचारलं, उभ्याने मारले तर? उत्तर आलं, चालेल, पण जोर लावताना श्वास सोडत. तेव्हापासून अंगणातल्या भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभ्याचे दंड सुरू झाले. शेजारचे शुक्लाजी विचारायचे, "पहलवानजी, दीवार गिर रही है क्या?" हे मोजून श्वास सोडत राहायचे.

आणि नागपंचमी आली. त्या दिवशी कुस्त्यांआधी आखाड्याच्या उस्तादाने नाल उचलायचा. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला भला जड दगड. उस्तादाने मुठीला जोर लावला की ढोल थांबतो, आणि दगड छातीपर्यंत आला की सगळा आखाडा आरोळी ठोकतो. तेवीस वर्षं हा मान सासऱ्यांचा. आखाड्यात बायका जात नाहीत. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे चुलीपाशी बसून आरोळी ऐकायच्या आणि मगच पुरणाची दिंडं उकडायला ठेवायच्या. त्या वर्षी त्यांनी मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, हात जोडतो तुमाले. त्याइले उचलू देऊ नका." सासऱ्यांना त्यांनी आठवडाभर हेच विनवलं होतं, ते फक्त "हौ, हौ" म्हणायचे, आणि त्या हौवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

आखाडा गच्च भरलेला. ढोल वाजत होता, पोरं ओरडत होती, "उस्ताद! उस्ताद!" सासऱ्यांनी माती कपाळाला लावली, नालापाशी उकिडवे बसले आणि मुठीत हात घातला. मानेच्या शिरा टरारल्या. मी उठलो, गर्दी सारत पुढे सरकलो. ढोल थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं तोंड उघडलं, श्वास सावकाश बाहेर पडला आणि हात मुठीतून निघाला.

"पोरंहो," ते उभं राहत म्हणाले, "माह्याच्यानं होत नाही आता. सुमनच्या मायले शब्द देल्ला हाये."

सुमन म्हणजे माझी बायको. एरवी बायकोला शब्द दिला म्हणणाऱ्या पहिलवानाची तिथे काय टर उडाली असती! पण कोणी हसलं नाही.

एवढ्यात दारात सासूबाई. धापा टाकताहेत, हात पिठाचे, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. ढोल थांबला आणि आरोळी आली नाही, याचा त्यांनी एकच अर्थ लावला होता.

"काय झालं त्याइले? काय झालं वो?"

"काही नाही झालं," सासरे म्हणाले. "उचललाच नाही."

सगळ्या गावादेखत त्या माऊलीला रडू फुटलं. मग डोळे पुसता पुसता त्यांची नजर दगडावर गेली.

"हाच का तो?"

"हौ."

"इतूसाच?"

आखाडा खदखदून हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सासरेही हसले, छातीवर हात ठेवून.

परतताना सासूबाई दोन पावलं मागून चालत होत्या. "तेवीस वर्सं नुसता आवाजच आयकला मी," त्या म्हणाल्या. "एखांद्या वेळी पाह्यलं असतं तं बरं झालं असतं." सासरे त्या बरोबरीला येईपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. सासरे भिंतीला तळवे टेकून उभे होते, जोर लावताना जपून श्वास सोडत होते. सासूबाईंनी खाट ओढून भिंतीसमोर आणली होती आणि मांडीवर हात ठेवून त्या बघत होत्या. आत चहा उतू चालल्याचा वास येत होता.

"चहा उतू जातोय," मी म्हटलं.

"जाऊ द्या," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "त्याइचं होऊ द्या."