मारतहळ्ळीहून अमेरिकेला, उजव्या बाजूने

मुलांनो, रस्त्यावरचा प्रत्येक नियम मनापासून पाळणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि तो नेमका बंगळुरात जन्माला आला. तो म्हणजे तुमच्या आईचे वडील, तुमचे मारतहळ्ळीचे आजोबा. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या इथे आहे की ते मला विहीणबाई न म्हणता अक्का म्हणतात आणि मराठीत बोलता बोलता मध्येच कानडीत 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', करून मान हलवतात. तुम्ही त्यांना तुमच्या घरी पाहुणे म्हणून पाहिलंत. अमेरिकेला निघण्याआधीचे आजोबा मात्र तुम्ही पाहिलेले नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मुलीकडे जायचं ठरलं की माणसं लोणची आणि मेतकूट बांधायला घेतात. आजोबांनी आधी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला. त्यांना तिकडचे धबधबे नको होते, उंच इमारती नको होत्या. तुमच्या आईला त्यांनी दहावीपर्यंत रोज स्कूटरवरून शाळेत सोडलं होतं. तसंच तुम्हाला एकदा स्वतः गाडी चालवत शाळेच्या दारात सोडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. तुमच्या आईने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, इथे गाडीला हात लावायचा नाही. इथले नियम वेगळे आहेत." दुसरं कुणी असतं तर रुसून बसलं असतं. आजोबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. नियम वेगळे असतील तर ते शिकता येतात, असं म्हणून ते दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं, म्हणून ते आधी घरात उजवीकडून चालू लागले. मग जिन्यातून. समोरून येणारा प्रत्येक शेजारी त्यांच्यावर आदळायचा आणि ते प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगायचे की चूक कुणाचीच नाही, देश वेगळे आहेत. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून तुमची मारतहळ्ळीची आजी गाडी चालवायची आणि हे तिच्या डावीकडे बसून जेवणाचं स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून वळवायचे. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वाकून बघायचे. महादेवपुऱ्याच्या चौकात यांनी ताट गर्रकन उजवीकडे वळवलं आणि गाडी सरळच गेली, तेव्हा ते आजीवर चिडले. आजी म्हणाली, "अहो, तुमच्या ताटाला चाकं नाहीत. माझ्या गाडीला आहेत." त्यानंतर आजी वळायच्या आधी त्यांना सांगू लागली.

तिकडे 'थांबा' अशी लाल पाटी दिसली, की रस्ता मोकळा असला तरी गाडी पूर्ण थांबवावी लागते. त्यांनी पुठ्ठ्याची तशी पाटी रंगवून सोसायटीच्या फाटकापाशी लावली. रोज तिथे गाडी थांबवायची, डावीकडे पाहायचं, उजवीकडे पाहायचं, मग निघायचं. फाटकावरचा वॉचमन भला माणूस. दारात येऊन रोज गाडी बंद पडते असं वाटून तो एके दिवशी "अण्णा, तुम्ही फक्त गिअर टाका!" असं ओरडत मागून ढकलू लागला. आजोबा ब्रेक दाबून आत, तो घाम गाळत बाहेर. मी त्यांच्याकडे भाजी घेऊन येत होते, म्हणून हे मला पाहायला मिळालं.

पण सगळ्यांत थोर नियम होता तो शाळेच्या बसचा. बस थांबून मुलं चढत-उतरत असली की तिकडे मागच्या आणि समोरच्याही गाड्या थांबतात, हे वाचून त्यांचे डोळे पाणावले होते. त्याचा सराव त्यांनी इथल्या भर रहदारीत केला. मी मागच्या सीटवर होते. पुढे शाळेची पिवळी गाडी थांबली, आजोबाही थांबले. मागे हॉर्न सुरू झाले. वाहतूक पोलीस धावत आला.

"काय सार, गाडी बिघडली?"

"गाडी ठीक आहे. मुलं उतरताहेत."

"तुमची मुलं?"

"नाही."

"मग?"

"नियम आहे."

"कुठला नियम सार?"

"अमेरिकेचा."

पोलिसाने क्षणभर विचार केला. "मग सार, तिकडे गेल्यावर पाळा. इथे स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." शेवटचं मूल फाटकाच्या आत गेलं, मगच आजोबांनी गाडी हलवली.

पुढचं मला तुमच्या आईकडून कळलं. तुमच्याकडे आल्यावर त्यांनी तिला शेजारी बसवून स्वतःची परीक्षा घ्यायला लावली. वळताना लावायच्या दिव्याचा दांडा उलट्या बाजूला असल्यामुळे कडक उन्हात त्यांनी दोनदा वायपर चालवून काच पुसली, तेवढी एक चूक. बाकी सगळं बिनचूक. शेवटी समोरून पिवळी बस आली, थांबली, आणि आजोबा तुमच्या आईने सांगायच्या आत थांबले. तिने घरी येऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "बाबा, उद्या तुम्ही सोडा मुलांना."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. तुम्ही म्हणालात, आम्ही बसनेच जाणार, बसमध्ये आमचे मित्र असतात. तुमचं काही चुकलं नाही. आजोबा "सरी, सरी" म्हणाले आणि तुमची बस वळेपर्यंत हात हलवत राहिले. राहिलेल्या दिवसांत त्यांनी दूध आणि ब्रेड आणायला गाडी नेली.

परत आल्यावर त्यांनी फाटकावरची पाटी काढली. जिन्यातून डावीकडून चालतात. बसचा नियम तेवढा सुटलेला नाही. मागे हॉर्न वाजत असतात, पोलीस आता लांबूनच हात जोडतो, आणि शाळेची मुलं त्यांना ओळखून हात करतात.

परवान्याची मुदत संपली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी नवा काढून आणला आणि मला दाखवायला व्हाइटफील्डला माझ्या घरी आले. "लागेल असं नाही, अक्का. असलेला बरा."

मुलांनो, मी आयुष्यात कुणाला उशिरा निघायला सांगितलेलं नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. पण आजोबा यंदा येतील, तेव्हा एक दिवस सकाळी बूट जरा सावकाश घाला आणि बस चुकवा.