श्रावणकाकांचे कोंगो

जुनं वाद्य घ्यायचं असलं की आमच्याकडचे गायन पार्टीवाले धम्मरत्नला सोबत नेतात. घेणारा आणि देणारा, दोघेही त्याचा शब्द मानतात. त्यानंतर घासाघीस नसते.

एका रविवारी नेरच्या सुनीलला कोंगोची जोडी घ्यायची होती, म्हणून त्याने धम्मरत्नला वणीला बोलावलं. मी गाडीवर मागे बसलो. ती कुणाची, ते दारात पोचल्यावर कळलं. श्रावणकाकांची. धम्मरत्नला वाजवायला त्यांनीच शिकवलं होतं.

काकांची बोटं आता वळत नाहीत. पिंपासारख्या उंच, मोठ्या कोंगोवर टेबलफॅन ठेवलेला होता.

"यंदाच्या भीमजयंतीत हे वाजले पायजेत," काका म्हणाले. "नायतर पंख्याचं स्टूल होऊन मरतीन इथंच."

काकांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, पंखा उतरवून काखेत घेतला.

धम्मरत्नने कातडं तळव्याने चोळलं. मग काठाकाठाने बोट मारत फिरला. धाकट्याचा सूर सगळीकडे सारखा होता. मोठ्यावर थाप मारली, तेव्हा मागे बारीक झरझर उरली. त्याने तो आडवा केला, मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवला आणि दार लोटायला सांगितलं. अंधारात लाकडावर उजेडाची एक रेघ उमटली.

त्याने उकिडवं बसून रेघेवरून बोट फिरवलं.

"काका, याले भेग हाय. कातड्याचे बोल्ट लय कसले. डीजेसमोर ऐकू जावं म्हणून आपन सारेच कसतो."

"माह्या घरात बसून माह्याच कोंगोत खोट काढून राह्यला काय बे?"

"तुमीच शिकोलं न त्याले," रुखमाबाई म्हणाल्या. "आता काहून तपता?"

धम्मरत्नने सुनीलला किंमत सांगितली. काकांच्या मनातल्या किमतीच्या निम्मी.

काका उठले. आता हाकलतात, असं मला वाटलं. ते कोंगोपाशी बसले आणि बुडाजवळच्या रंगीत पट्टीखाली नख घातलं. वाकड्या बोटांना पट्टी दाद देईना. ओढत ओढत निघाली. खाली दुसरी भेग होती. सरस आणि भुसा भरून बुजवलेली. म्हणून तिच्यातून उजेड आला नव्हता.

"हे बी सांग सुनीलले," काका म्हणाले. "अर्धं नको सांगू."

धम्मरत्नने तिथे कान लावला, पुन्हा थाप मारली आणि किंमत आणखी उतरवली.

"हे कवा भरलं होतं, काका?" सुनीलने विचारलं.

"धम्मा हाफपँटीत होता तवा."

"अजून पक्कं हाय न. मंग वरची बी तुमीच भरून द्या. जोडी नेतो मी."

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग धम्मरत्नकडे. "मी सांगतो. हा भरन."

सरस वाळेपर्यंत आम्ही अंगणात थांबलो. ऊन उतरल्यावर सुनीलने जोडी आपल्या गाडीत चढवली. गाडी वळणापलीकडे गेली तरी रुखमाबाई पंखा घेऊन उभ्याच होत्या.

"आता याले कुठं ठेवू?"

"ठेव भुईवर," काका म्हणाले. "त्याले कोन वाजोते?"